साहेबांचं खळं

बारा वर्षांची असताना मी एका क्लबाचं गोल्फचं मैदान शेणानं सारवलं होतं. सगळं नाही, शेवटचा गोल तेवढा. बेत सगळ्याचाच होता, पण शेण पुरलं नाही. ही गोष्ट मी आजवर घरात कुणाला नीट सांगितलेली नाही. सुनेची समजूत आहे की सासूबाई लहानपणापासूनच शहाण्या असाव्यात. ती समजूत टिकावी म्हणून मीही बरीच वर्षं मेहनत घेतली.

आज कबूल करावंसं वाटलं ते कडब्यामुळे. परवा आमच्या गल्लीतून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर गेला. हल्ली यवतमाळच्या आसपास जिकडंतिकडं सोयाबीन, त्यामुळे ज्वारीचा कडबा दिसला की माहेरचं माणूस रस्त्यात भेटल्यासारखं होतं. पेंढ्या दोन्हीकडच्या भिंतींना घासत गेल्या, एक विजेच्या तारेला लोंबकळत राहिली आणि मागं तो वास उरला. कोरडा, गोडसर, नाकात जरासा टोचणारा. मी गॅलरीत चहा घेऊन उभी होते. आत नातू टीव्हीवर गोल्फ बघत होता. पडद्यावर हिरवंगार, जसं काही प्रत्येक पातं कुणी पुसून ठेवलंय.

"आजी, जगातलं सगळ्यात सुंदर मैदान आहे हे," तो म्हणाला.

"मी दोन मैदानं पाहिली आहेत," मी म्हटलं. "त्यातलं एक याच्याहून बरं होतं."

"कुठलं?"

"मी केलेलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, चहाकडं बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणून हे लिहायला बसले.

साल अठ्ठावन्न असेल, नाहीतर एकोणसाठ. आम्ही घाटंजीकडच्या आमच्या खेड्यातून यवतमाळला आलो होतो, कारण माझ्या बाबाला क्लबात माळ्याची नोकरी लागली होती. क्लब गावाबाहेर एका टेकाडावर होता. इंग्रज गेले, पण त्यांचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या आणि नऊ भोकांचं गोल्फचं मैदान मागं राहिलं. क्लबाच्या मागं दोन खोल्या होत्या, त्या आम्हाला मिळाल्या. बाबा, माय आणि मी. मायनं पहिल्याच दिवशी मैदानाकडं हात करून विचारलं, "एवढी जमीन पडीत काहून ठेवली व?" तिला शेवटपर्यंत कुणी पटेल असं उत्तर दिलं नाही.

मैदान म्हणजे तरी काय? मुरमाचा उतार, त्यावर वाळलेलं कुसळी गवत. मेंबर लोक अर्धा वेळ खेळायचे आणि अर्धा वेळ पायमोज्यांतली कुसळं उपटायचे. टीव्हीतल्यासारखी हिरवळ आमच्याकडं कुठून येणार? प्यायलाच पाणी नाही. म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूचा गोल केलेला असायचा. वाळू उडू नये म्हणून तिच्यात कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनाचं जळकं तेल कालवायचं आणि वरून लाकडी फळी फिरवायची. साहेब लोक त्याला ब्राऊन म्हणायचे, बाबा बरान म्हणायचा, आणि मी नुसतं गोल. त्या वाळूचा वास अजून माझ्या नाकात आहे. ऊन चढलं की तेल तापायचं आणि टेकाडावर एखादी गिरणी पालथी पडल्यासारखं वाटायचं.

हे मैदान आखलं होतं कुठल्याशा इंग्रज साहेबानं. त्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं, पण त्याचा आळस नऊ भोकांवर पसरलेला होता. कुठूनही निघा, दोन भोकं झाली की तिसरं पुन्हा व्हरांड्यापाशी, लिंबाच्या सरबताजवळ. मी तेव्हा म्हणायची, काय हे, गेलं की आलं, गेलं की आलं, घाण्याच्या बैलासारखं! आता गुडघे दुखायला लागल्यापासून त्या साहेबाबद्दल माझं मत सुधारलं आहे. जिथं थकायला होतं तिथं बसायची जागा हवी, हे बाराव्या वर्षी कळत नाही. कळलं असतं तर मी तरी कशाला एवढी मोठी टोपली डोक्यावर घेतली असती? पण ते पुढं येईल.

न्यायानं बोलायचं तर वरच्या, म्हणजे क्लबाच्या, मैदानात दोन जागा नामी होत्या. चौथं भोक नाल्यापलीकडं होतं आणि नेमका वाटेत एक वाकडा पळस. चेंडू सरळ मारला तर पळसाला, उजवीकडं मारला तर नाल्यात. डावीकडून जायला धीर लागायचा. तिथं त्या इंग्रजाची झोप जराशी उडाली असावी. आठवं भोक उंचवट्याच्या पलीकडं, दिसायचंच नाही. बाबा उंचवट्यावर उभा राहून खांद्यावरचा दुपट्टा हलवायचा आणि साहेब लोक त्या दुपट्ट्याच्या रोखानं मारायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. यवतमाळचे सगळे मोठे लोक माझ्या बापाच्या दुपट्ट्याकडं बघून चालतात, असं मी शाळेत सांगितलंही होतं.

खालचं मैदान आमचं. म्हणजे माझं आणि झमकूचं.

झमकू माझी मैत्रीण. टेकाडाखाली बंजाऱ्यांचा तांडा होता, ती तिथली. माझ्याहून वर्षानं मोठी आणि बोलण्यात दहा वर्षांनी. तिची आजी लहानपणी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य घेऊन मुलुखभर हिंडलेली. आता ते लोक शेती करत होते आणि झमकूच्या बापाचं ज्वारीचं शेत टेकाडाच्या पायथ्याशीच होतं. दिवाळी झाली, ज्वारी कापली, कणसं खुडून एका बाजूला रचली आणि शेत एकदम मोकळं झालं. अशा मोकळ्या शेतात उभं राहिलं की आपणच उंच झाल्यासारखं वाटतं. सकाळी धसकटांवर दव, दुपारी धसकटांतून चटचट आवाज, संध्याकाळी सगळ्या शेताला तांबूस रंग. त्या शेतात आम्ही पाच भोकं खणली.

काठ्या बोरीच्या, मुळापाशी वाकलेल्या. चेंडू क्लबातला, पण चोरीचा नव्हे हं! सापडलेला प्रत्येक चेंडू परत करायचा, हा बाबाचा कायदा होता. एकच चेंडू आम्हाला मिळाला, कारण त्याचं वरचं कातडं फाटून आतली रबराची दोरी बाहेर आली होती. मारला की तो शेपटी हलवत जायचा.

मैदान कसं आखावं यावर आमची दोन दिवस भांडणं झाली. माझा आग्रह सरळ रेषेचा, शाळेतल्या पट्टीसारखा. झमकू कपाळावर हात मारून म्हणाली, "मास्तरीन, तुले रस्ता समजतच नाही. समोरचं सारं दिसून राह्यलं, तर मानूस जाईल कायले? अर्धं दिसू दे, अर्धं झाकू दे. मंग पाय आपसूक चालतात."

तेव्हा मी फुरंगटून बसले होते. पुढं आयुष्यात बरेच रस्ते, बऱ्याच इमारती, दोन-चार बागा आणि एक सरकारी रुग्णालय पाहिलं, आणि प्रत्येक वेळी वाटलं, आखणाऱ्यानं आधी झमकूला विचारायला हवं होतं.

तर झमकूच्या मतानं पहिलं भोक बांधाच्या वळणामागं गेलं. दुसऱ्याला तुरीच्या ओळी आडव्या. ज्वारी निघाली तरी तूर उभीच असते, पिवळ्या फुलांची आणि हिरव्या शेंगांची. चेंडू तुरीत गेला की शोधता शोधता ओंजळभर शेंगा पोटात जायच्या, त्यामुळे तिथं हरण्याचं दुःख नव्हतं. तिसरं भोक विहिरीच्या काठाशी. चेंडू विहिरीत पडला असता तर आमचा खेळच संपला असता, म्हणून तिथं आम्ही दोघी देवाचं नाव घेऊन मारायचो, तिचा देव वेगळा, माझा वेगळा. चौथ्यावर म्हैस. ही म्हैस दावं लांब असल्यामुळे रोज नव्या जागी असायची. असा हलता, रवंथ करणारा अडथळा जगातल्या कुठल्याही साहेबाला सुचलेला नाही. टीव्हीवर मी नीट बघितलं, एकही म्हैस नाही.

आणि पाचवं भोक खळ्यात.

ज्यांनी खळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कणसं मळायला शेतात एक गोल जागा करतात. ती खणून, पाणी मारून, धुमसानं, म्हणजे जड लाकडी ठोकळ्यानं, ठोकून शेणानं सारवतात. मधोमध मेढ रोवतात, म्हणजे एक खांब, आणि त्याभोवती कणसांवरून बैल फिरवतात. झमकूची याडी, म्हणजे आई, खळं सारवायची ते बघत राहावं. हाताचे अर्धगोल एकात एक गुंतत जायचे आणि वाळल्यावर जमीन अशी व्हायची की गाल टेकवून झोपावं. मेढ रोवायला आठ दिवस होते. तिच्यासाठी केलेला खड्डा रिकामा होता. तेच आमचं पाचवं भोक. सारवलेल्या जमिनीवरून चेंडू जायचा तेव्हा आवाज यायचा तो अगदी हलका, सुपातून ज्वारी सरकल्यासारखा. काठी नुसती टेकवली तरी भोकापर्यंत.

आमचं मैदान आठ दिवसांचं होतं. मग मेढ रोवली, बैल आले, खेळ बंद. मला वाटतं त्याच्या आखणीतला सगळ्यात मोठा गुण तोच. वरचं मैदान बारा महिने पडून असायचं आणि रविवारशिवाय तिकडं कुणी फिरकायचं नाही.

पौष लागला. नागपूरहून पाहुणे खेळायला यायचे होते. दरवर्षी एकदा हा सामना व्हायचा आणि दरवर्षी आमचा क्लब हरायचा. क्लबाचे सेक्रेटरी होते एक वकीलसाहेब. त्यांनी आठवडाभर आधीच बाबाला बजावलं, "किसन, या वेळी मैदानात खोट निघाली तर मी दुसरा माणूस बघेन." आणि नेमका सामन्याच्या तीन दिवस आधी बाबाला हिवताप भरला. गोधडीखाली तो असा हुडहुडायचा की खाट भिंतीला वाजायची. माय कापूस वेचायला जायची. मैदानाकडं बघणारं कुणी नव्हतं. म्हणजे मी होते.

सामन्याच्या आदल्या सकाळी मी टेकाडावर फिरून आले. कुसळं वाढलेली, गोलांवर कुत्र्यांच्या पायाचे ठसे. आणि ती काळी, तेलकट, भुसभुशीत वाळू! मी कुंपणाआडून खेळ बघितलेला होता. चेंडू त्या वाळूत शिरला की म्हाताऱ्या माणसासारखा दोन पावलं टाकून बसायचा. वकीलसाहेबांचा तर नेहमीच. कोर्टात म्हणे ते वाघासारखे गरजायचे, पण भोकापाशी त्यांचा हात कापायचा आणि चेंडू वीतभर अलीकडं थांबायचा. मग ते वाळूकडं रागानं बघायचे.

मला सगळा उलगडा झाला. गोल आहे, मधोमध भोक आहे, भोकात खांब म्हणून झेंड्याची काठी आहे. हे खळंच आहे, आणि या येड्या लोकांनी ते सारवलेलंच नाही! घरात बाईमाणूस नसलं की असं होतं. मी इतकी खूश झाले की उतारावरून पळत तांड्यात गेले.

"झमके, शेन दे!"

"काहून व? पोळा हाय का?"

मी सांगितलं. माझ्याहून वर्षानं मोठी, रस्त्यांची जाणकार झमकू, तिनं तरी मला अडवावं की नाही? ती म्हणाली, "बरोबर हाय तुह्यं. याडी बी म्हनते, उघडी जमीन म्हंजे उघडं डोकं."

नऊच्या नऊ सारवायचे असं ठरलं. सुरुवात नवव्यापासून, कारण तो व्हरांड्यासमोरचा, पाहुण्यांच्या नजरेचा. आधी आम्ही ती तेलकट वाळू खरडून झाडून बाहेर टाकली. खाली छान घट्ट माती निघाली. पाणी मारलं, धुमसानं ठोकलं, शेणात माती कालवली आणि गुडघ्यांवर बसून सारवायला लागलो. तांड्यापासून टेकाडापर्यंत टोपल्या वाहून माझी मान आत गेली ती, मला वाटतं, अजून पूर्ण बाहेर आलेली नाही. एक गोल होईतो तांड्यातलं शेण संपलं. कडेनं मी रांगोळीची वेलबुट्टी काढली, आणि खळ्याची पूजा करतात तशी झेंड्याच्या काठीला हळदकुंकू लावलं. झमकूनं वर ज्वारीची दोन कणसं बांधली. ऊन चांगलं होतं, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळलं. मी घरी येऊन बाबाच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्या माणसासारखं म्हटलं, "तू पड. सारं झालं हाय."

बिचारा बरं म्हणाला.

सकाळी वकीलसाहेबांची हाक आली ती टेकाडभर घुमली. बाबा गोधडी गुंडाळूनच धावला, मी त्याच्या मागं. साहेब नवव्या गोलाच्या काठावर उभे होते. चेहऱ्याचा रंग मी सांगत नाही. पांढरी विजार, पांढरा सदरा, आणि समोर माझी वेलबुट्टी.

"हे काय आहे, किसन?"

बाबानं बघितलं. मग माझ्या हातांकडं बघितलं. नखांत अजून शेण होतं. तो म्हणाला, "म्याच सारवलं, सायेब. तापात ध्यान नाही राह्यलं."

आत्तापर्यंत मी स्वतःला फार हुशार समजत होते. त्या एका वाक्यानं ती हुशारी उतरली. खोलीतली भांडी, बाबाचा दुपट्टा, घाटंजीचा परतीचा रस्ता, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं.

"बाबानं नाही, म्या केलं!" मी ओरडले.

"अन् शेन आमचं हाय!" कुंपणापलीकडून झमकू ओरडली. ती कधी येऊन उभी राहिली कुणास ठाऊक. मदत म्हणून हे वाक्य कसं होतं, ते तुम्हीच ठरवा.

साहेब काही बोलणार तेवढ्यात खालून मोटारीचा भोंगा वाजला. पाहुणे आले होते. साहेब दात आवळून एवढंच म्हणाले, "संध्याकाळी मला येऊन भेट, किसन. तुझं काय करायचं ते तेव्हा."

सामना मी चिंचेवर बसून बघितला. आठ भोकं होईतो नेहमीसारखंच, फक्त या वेळी आमचे लोक कसेबसे बरोबरीत राहिले होते. नववं भोक आलं. पाहुण्यांचे कप्तान मोठ्या मिशांचे, धिप्पाड. त्यांनी रांगोळी बघितली, कणसं बघितली, आदरानं बूट झटकले आणि वाळूवर मारतात तेवढ्याच जोरानं चेंडूला टोला दिला. चेंडू सुसाट निघाला. भोकाजवळून गेला, वेलबुट्टी ओलांडली, पलीकडं कुसळांत. त्यांनी तिकडून मारला, तो इकडच्या कुसळांत. तिसऱ्यांदा पुन्हा तिकडं. म्हशीनंही इतक्या जागा बदलल्या नव्हत्या.

"वकीलसाब, ये मैदान है या शीशा?" ते घाम पुसत म्हणाले.

मग वकीलसाहेबांची पाळी आली. हात कापतच होता. काठी चेंडूला जेमतेम लागली, वाळूवर असता तर चेंडू जागचा हलला नसता. तो निघाला, हळू, अगदी हळू, सारवणाच्या अर्धगोलांवरून, जसा काही वाट विचारत विचारत. भोकाच्या काठावर थांबला. आणि पडला.

मग व्हरांड्यातून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चिंचेवरचे पोपट उडाले आणि मीही जवळजवळ उडाले. आमचा क्लब जिंकला होता. कप्तानांनी वाकून सारवणावर बोट फिरवलं, वास घेतला आणि वकीलसाहेबांकडं बघितलं. साहेब न्यायाधीशापुढं बोलावं तसे गंभीरपणे म्हणाले, "ये हमारे इलाके का रिवाज है."

मला वाटलं, सुटलो. पण पाहुणे गेल्यावर साहेबांनी बाबाला आत बोलावलंच. सकाळचा हुकूम त्यांनी मागं घेतला नव्हता.

ती संध्याकाळ फार लांबली. माय कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले हात मांडीवर ठेवून दारात बसली होती. मला रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या, मग उलगडल्या, मग पुन्हा घातल्या. झमकू येऊन बसली आणि म्हणाली, "नोकरी गेली तर आमच्या तांड्यात या. जागा लय हाय." त्यावर माय हसली, आणि तिला हसताना बघून मला रडू आलं. खाली शेतात मळणी अजून चालू होती. बैलांना हाकणाऱ्याचा लांब सूर यायचा आणि थांबायचा. दिवस टेकाडामागं गेला तसा धसकटांचा रंग उतरत गेला. मी मनाशी म्हणत होते, पुन्हा कधी कुठल्या गोलाला हात लावणार नाही. ती शपथ पुढं मोडली, पण त्या वेळी खरी होती.

बाबा आला. ताप उतरला होता, कपाळावर घाम होता. खाटेवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला, मायकडं बघितलं, आणि मग मला जवळ बोलावून म्हणाला,

"नोकरी राह्यली, पोरी. वकीलसायेब म्हने, ‘किसन, तुह्या पोरीनं पुन्हा मैदानावर पाय ठेवला तर टांग तोडीन तिची.’ म्या हात जोडले अन् निघालो. तं दारापर्यंत मांगं आले, इकडं तिकडं पाह्यलं, अन् हळूच म्हने, ‘पुढच्या साली नागपूरवाले कधी येतात ते तिले आठ दिवस आगुदर कळवजो.’"